एक प्रलंबित

सुरुवातीलाच सांगते, ही घटना माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. मित्राच्या मित्राची नाही, कुणाच्या आत्याने ऐकलेली नाही.

या पेजवर मी रोज येते. रोज तेच वाचते. अमावास्या, बंद पडलेली गाडी, रस्त्यात हात दाखवणारी पांढऱ्या कपड्यांतली बाई. आणि खाली शंभर जणांच्या कमेंट, "बापरे, काटा आला." तुमच्या अंगावर काटा यायला फारसं काही लागत नाही, असं माझं मत झालं आहे.

माझ्या गोष्टीत रात्र नाही.

शनिवारची दुपार होती. जेवणाची वेळ. जागा म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. एका बाजूला चादरी धुण्याची खोली, दुसऱ्या बाजूला लिफ्टची मोटर आणि मध्ये आमचा नियंत्रण कक्ष. नाव भारदस्त आहे. आत तीन खुर्च्या, एक गळका एसी आणि भिंतभर स्क्रीन.

मी तिथे नेटवर्क सांभाळते.

त्या स्क्रीनवर हॉस्पिटलमधलं प्रत्येक यंत्र म्हणजे एक ठिपका. औषधांचे फ्रिज, एक्स-रे, लिफ्ट, आणि पेशंटच्या उशाशी ठोके मोजणारं मशीन असतं ते. त्या मशीनचा ठिपका पेशंटच्या नावाने असतो. सगळं ठीक असेल तर हिरवा. काही बिनसलं की लाल. पेशंट घरी गेला की राखाडी. राखाडी ठिपके पुसून टाकायचे असतात, पण ते कुणी पुसत नाही.

ठिपका लाल झाला की समोर बसलेल्याने 'पाहिलं' हे बटण दाबायचं. ठिपक्यावर एक पिवळी खूण येते आणि कोपऱ्यात आकडा दिसतो... एक प्रलंबित. मग कुणीतरी वर जाऊन बघायचं, दुरुस्त करायचं आणि शेवटी 'निकाली' दाबायचं. खूण जाते, आकडा शून्य होतो.

नियम असा आहे. प्रत्यक्षात काय होतं ते ऐका.

समोर बसणाऱ्याला आम्ही डुलकी म्हणतो. नावातच सगळं आलं. लाल ठिपक्यासाठी डोळे उघडायचा त्रास नको म्हणून त्याने एंटरच्या बटणावर एक जाडजूड स्टेपलर ठेवला होता. लाल दिवा लागला की स्टेपलरच्या वजनाने 'पाहिलं' आपोआप दाबलं जायचं. आणि चहाच्या आधी डुलकी स्क्रीन साफ करायचा. म्हणजे जेवढ्या पिवळ्या खुणा असतील तेवढ्या एकदम निकाली. वर जाऊन बघितलं कुणी? कुणीच नाही.

साहेबांना हे ठाऊक होतं. एकदा स्टेपलर घसरला होता, तो त्यांनी स्वतः उचलून नीट ठेवला.

या साहेबांना सगळे पाठीमागे हिरवळ म्हणतात. स्क्रीन हिरवा दिसला की माणूस खूश. कोपऱ्यात शून्य दिसलं की जास्तच खूश. वर पेशंट ओरडत असेना का.

तर त्या आठवड्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची सूचना आली. अतिगंभीर, तातडीने वाचा. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड सापडलं होतं. पासवर्ड नसताना कुणालाही आत शिरता येत होतं. आत शिरून वाटेल तिथे वाटेल ते लिहिता येत होतं. सगळ्या हॉस्पिटलवर नजर ठेवणाऱ्या खोलीलाच कडी नाही, असा प्रकार.

मी सूचना छापून हिरवळकडे गेले.

"साहेब, हे आजच करावं लागेल. स्क्रीन तासभर बंद ठेवू."

"तासभर?" मी जणू त्यांची किडनी मागितली होती. "पुढच्या महिन्यात पाहणी समिती येतेय, मॅडम. आता कशालाही हात लावायचा नाही."

"पण दार सताड उघडं आहे."

"उघडं आहे म्हणून कुणी आलंय का? सगळं हिरवंच दिसतंय की."

"आत शिरलेला माणूस लाल दिसत नाही, साहेब."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून त्यांनी माझा कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

मला घाई असायला कारण होतं. माझी मावशी तेव्हा वर तिसऱ्या मजल्यावर होती. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि जखम चिघळल्यामुळे मुक्काम वाढला होता. आई गेली तेव्हा मी लहान होते. मावशीने मला वाढवलं, शिकवलं आणि वाढवताना रोज टोमणे मारले. मला जगात तेवढं एकच माणूस आहे. तिच्या उशाशी असलेलं मशीन या असल्या लोकांच्या स्क्रीनवर एक ठिपका होतं.

आता शनिवारची दुपार.

डुलकी बाजूच्या खुर्चीत बसून डबा खात होता. मी भिंतीजवळ वायरी मोजत होते. की-बोर्डसमोरची खुर्ची रिकामी होती.

एकाएकी आवाज थांबले...

एसीची घरघर थांबली. सर्व्हरचे पंखे थांबले. पलीकडची धुलाईची मशीनसुद्धा. इतकी शांतता मी त्या तळघरात कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत...

टक्.

लगेच सगळे आवाज परत आले. डुलकीने घास थांबवला सुद्धा नाही.

मी वर बघितलं. एका ठिपक्यावर पिवळी खूण होती. औषधांचा फ्रिज.

ठिपका हिरवा होता.

हे नीट समजून घ्या. हिरव्या ठिपक्यावर 'पाहिलं'चं बटणच नसतं. बघण्यासारखं काही घडलेलंच नसतं, तर पाहिलं कसं म्हणणार? पण खूण होती. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, एक प्रलंबित.

"स्टेपलर तुझा," मी म्हटलं.

"सिस्टिमने खोटी नोंद टाकली असेल," डुलकी म्हणाला. त्याने बोटं पँटला पुसली आणि 'निकाली' दाबलं.

खूण गेली. त्याचं जेवण व्हायच्या आत फ्रिजचा ठिपका लाल झाला. मोटर जळाली होती. आतली औषधं फेकून द्यावी लागली.

योगायोग असेल, असं मीही म्हटलं. पण स्टेपलर उचलून मी ड्रॉवरमध्ये टाकला.

दोन दिवसांनी पुन्हा...

आवाज थांबले. टक्.

स्टेपलर नव्हता. खुर्चीत कुणी नव्हतं. या वेळी खूण सात नंबरच्या आजोबांवर होती.

हे आजोबा मावशीच्या समोरच्या खाटेवर होते. घड्याळं दुरुस्त करायचे. दोघांचं दिवसभर वाजायचं, आणि त्यात दोघांनाही मजा यायची. दुसऱ्या दिवशी ते घरी जाणार होते. ठिपका हिरवागार होता.

मी वर फोन लावला. सिस्टर म्हणाली, "आजोबा मजेत आहेत. मावशींना चष्म्याची दांडी बसवून देताहेत."

फोन ठेवते तोवर डुलकीने स्क्रीन साफ केला होता. चहाची वेळ झाली होती ना.

चहा आला. तो कप तोंडाला लावतोय एवढ्यात ठिपका लाल झाला. डोक्यावरच्या मजल्यांवरून पळणाऱ्या पावलांचे आवाज तळघरापर्यंत येत नाहीत. त्या दिवशी आले, असं मला वाटलं. मी जिन्याने वर पोचले तेव्हा पडदा ओढलेला होता. मावशी चष्मा हातात घेऊन बसली होती.

"बोलता बोलता गेले गं," ती म्हणाली. "स्क्रू अर्धाच फिरवला होता."

ती रडली. मावशीला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

मी हिरवळच्या मागे लागले. त्याला आजोबांचं काही पडलेलं नव्हतं, पण 'बाहेरचा कुणी आत शिरून नोंदी करतोय' हे शब्द समितीच्या कानावर गेले तर पंचाईत, म्हणून त्याने एक तज्ज्ञ बोलावला. गॉगल डोक्यावर, बॅग खांद्यावर, प्रत्येक वाक्याची सुरुवात "बेसिकली" ने. त्याने सकाळभर तपासलं.

"भगदाड आहे," तो म्हणाला.

"ते आम्हाला पत्रानेच कळलं होतं," मी म्हटलं.

"पण बेसिकली त्यातून कुणी आल्याची खूण नाही. या नोंदी आतूनच झाल्यात. याच की-बोर्डवरून." त्याने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्या वेळी इथे कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"कुणीतरी असणारच."

"मी बाजूला जेवत होतो," डुलकी म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे एकमेव खरं वाक्य असावं.

"याला मेमो द्या," हिरवळ म्हणाला.

आम्ही चौघं उभे होतो. खुर्ची आमच्या मध्ये होती. वर ट्यूबलाइट होती, हातात चहाचे कप होते. भीती वाटावी असं काहीही नव्हतं.

आणि आवाज थांबले...

खुर्चीने उसासा टाकला. फिरत्या खुर्चीत जड माणूस बसला की ती हवा सोडत खाली दबते ना, तसा. गादी हळूहळू खाली गेली.

मग एंटरचं बटण...

सावकाश खाली गेलं. थोडा वेळ खालीच राहिलं. मग वर आलं.

टक्.

तज्ज्ञाने बॅगची चेन लावली. गाडी नो पार्किंगमध्ये उभी केलीय, असं काहीतरी पुटपुटला आणि जिन्याकडे गेला. तो परत आला नाही. फोनही उचलला नाही. अहवाल मात्र पाठवला. त्यात लिहिलं होतं, अपडेट करावे.

हिरवळ की-बोर्डकडे बघत होता.

"जुना झालाय," तो म्हणाला. "नवा मागवा."

मी स्क्रीनकडे बघितलं. या वेळी खूण राखाडी ठिपक्यावर होती. राखाडी म्हणजे घरी गेलेला पेशंट. एक शाळेतल्या बाई होत्या, दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी चालत गेल्या होत्या. त्यांच्या ठिपक्याला आता कुठलंही मशीन जोडलेलं नव्हतं.

"साहेब, याला हात लावू नका," मी म्हटलं. मला का सुचलं कोण जाणे.

"पाहणीचा अहवाल आज काढायचाय, मॅडम. त्यात एक प्रलंबित जाऊ देऊ?" आणि हिरवळने स्वतः वाकून 'निकाली' दाबलं.

राखाडी ठिपका लाल झाला.

मशीन नसलेला ठिपका... लाल.

संध्याकाळी बाईंचा मुलगा कागदपत्रं न्यायला काउंटरवर आला. आई दुपारी जेवता जेवता गेली, म्हणाला. नुसती मान खाली घातली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सगळं जुळवत बसले. फ्रिज, आजोबा, बाई. खूण आली, कुणीतरी निकाली काढली, मग लाल झाला. आणि मला लिफ्ट आठवली. मधल्या दिवसांत लिफ्टच्या ठिपक्यावरही अशीच हिरव्यावर खूण आली होती. डुलकी तेव्हा सुट्टीला जोडून दांडी मारून बसला होता, म्हणून ती शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत तशीच राहिली. चार दिवस लिफ्टला काही झालं नाही. मंगळवारी महाशय उगवले, स्क्रीन साफ केला, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

म्हणजे खूण आहे तोवर धोका नाही. ती काढली की संपलं.

ही खूण करणारं जे काही आहे ते आपल्याला आधी सांगतंय, की ठरवून मोकळं होतंय? हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

सकाळी मी हे हिरवळला सांगितलं. त्याने चष्मा काढला.

"म्हणजे बाईंना मी मारलं? स्क्रीन स्वच्छ ठेवणं हा गुन्हा झाला?"

"निकाली दाबू नका, एवढंच म्हणतेय."

"मॅडम, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. पण सुट्टी समितीनंतर."

असल्या माणसापुढे डोकं फोडून घेण्यात अर्थ नव्हता. मी ठरवलं, त्या खुर्चीत आता मीच बसणार. मी बसले तर दुसरं कुणी बसणार नाही.

तीन दिवस काही झालं नाही. मी डबा तिथेच खाल्ला. एंटरच्या बटणावर बोट ठेवून बसायचे, दाबलं जाऊ नये म्हणून खालून नखाने उचलून धरायचे. डुलकी हसायचा. हसू दे. त्याला जांभईव्यतिरिक्त दुसरं काही येत असल्याचं तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

चौथ्या दुपारी...

एसी थांबला. पंखे थांबले.

माझ्या मांड्यांवर काहीतरी जड झालं. थंड नव्हतं. उलट, कुणीतरी उन्हातून येऊन बसावं तसं ऊबदार होतं. मला ओरडता येईना. खुर्चीने हवा सोडली आणि मी तिच्यासकट खाली दबले.

माझं बोट बटणावर होतं. ते माझंच बोट होतं. आणि ते खाली गेलं...

टक्.

आवाज परत आले. मी मान वर करायला तयार नव्हते. मला माहीतच होतं.

तिसरा मजला. मावशी. हिरवा ठिपका, त्यावर पिवळी खूण. एक प्रलंबित.

"अरे, आलं बघ एक," डुलकी म्हणाला आणि सवयीने हात पुढे केला.

मी त्याच्या हातावर इतक्या जोरात फटका मारला की त्याचा कप फुटला. त्याला जागं बघून बरं वाटलं.

मग मी जे केलं ते कुठल्याही नियमात बसत नाही. 'निकाली' दाबायचा अधिकार मी सगळ्यांच्या नावावरून काढून टाकला. डुलकीचा, हिरवळचा, रात्रपाळीच्या पोरांचा. फक्त माझा ठेवला. दुसऱ्यांचा अधिकार काढायची मला परवानगी नव्हती, तरी काढला. ज्या भगदाडाबद्दल मी महिनाभर बोंबलत होते, त्याच भगदाडातून हात घालून काढला. मग धावत वर गेले.

मावशी उशीला टेकून बसली होती.

"काय झालं तुला? पांढरीफटक पडलीयेस. भूत बघितलंस का?"

"तुला बरं वाटतंय ना? छातीत दुखतंय? चक्कर?"

"मला चांगलं वाटतंय. त्या बेचव सूपने तोंडाची चव गेलीये तेवढी सोडली तर." तिने माझा हात धरला.

मी तिच्या कुशीत डोकं घातलं. एवढी मोठी झाले तरी. ती केसांतून हात फिरवत राहिली आणि समोरच्या खाटेवरच्या नव्या पेशंटला म्हणाली, "लहानपणापासून अशीच आहे. कारण नसताना घाबरते."

आठवड्याने ती घरी आली. तिचा ठिपका राखाडी झाला. खूण मात्र तशीच राहिली.

त्यानंतर आजपर्यंत एकही नवी खूण आलेली नाही. आवाज थांबले नाहीत, खुर्ची दबली नाही. कोपऱ्यात तेवढं एकच राहिलं. मावशीचं.

जे काही आत आलं होतं, ते गेलं की वाट बघत बसलंय?

याला आता वर्ष होत आलं. या वर्षात मला दोन चांगल्या नोकऱ्या चालून आल्या. मी नाही म्हटलं. मी सोडून गेले तर माझा अधिकार हिरवळकडे जाईल आणि पहिल्या सकाळी तो काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या लोकांचं तोंड बघायची इच्छा नाही, त्यांच्यासोबत मी रोज आठ तास तळघरात बसते. का, ते मावशीला सांगितलेलं नाही. ती म्हणते, "तुझ्यात धमकच नाही, म्हणून तिथे चिकटून बसलीयेस." म्हणू दे.

हिरवळ रोज सकाळी येतो, कोपऱ्याकडे बघतो आणि दातांत अडकल्यासारखं म्हणतो, "मॅडम, ते एक..."

"असू दे साहेब."

"एका नोंदीमुळे माझा स्क्रीन घाण दिसतो हो."

घाण! माझी मावशी त्याच्या स्क्रीनवरची घाण आहे.

मागच्या महिन्यात पाहणी समिती पुन्हा आली. या वेळी त्यांच्यात एक वाचता येणारा माणूस होता. त्याने विचारलं, हे भगदाड अजून कसं उघडं? हिरवळची बोबडी वळली. वर्षभर ज्याला वेळ नव्हता त्याने चोवीस तासांत निर्णय घेतला. सॉफ्टवेअरच बदलायचं. जुनं सगळं मुळापासून पुसायचं, नवं बसवायचं. कोरी पाटी.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे हात जोडले.

"साहेब, जुन्यातली एक नोंद नव्यात न्या. फक्त एक."

"प्रलंबित? नव्या सिस्टिममध्ये? उद्घाटनालाच डाग?" आणि मग त्याने खण उघडून कागदांचा गठ्ठा काढला. माझेच मेल होते, छापून ठेवलेले. 'अतिगंभीर', 'तातडीने', 'यात जीव जाऊ शकतो'. सगळं मीच लिहिलेलं, ठळक अक्षरांत. "तुम्हीच तर मागे लागला होता, मॅडम. आता करतोय तर नको? बायकांचं काही कळत नाही."

काम सोमवारी सुरू होणार असं ठरलं. म्हणजे उद्या. मी उद्या पहाटेच जाणार आहे. ती नोंद कशीतरी वेगळ्या कॉम्प्युटरवर उचलून ठेवायची. तशी उचललेली खूण चालते का, मला माहीत नाही. ज्याने ती केली त्याला विचारता येत नाही.

म्हणून आज रविवारी दुपारी बसून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाला असला काही अनुभव असेल तर सांगा. ताईत, लिंबू, धूप असलं सांगू नका. डोकं असेल तर सांगा.

जेवणं झाली. मावशी आतल्या खोलीत पडली आहे. मघाशी ओरडली, "किती टकटक करतेस, झोपू दे की." म्हणून मी हळू टाइप करते आहे.

मधेच फोन बघायला थांबले. डुलकीचा मेसेज आहे. खाली हसरा चेहरा.

'साहेबांनी रविवारीच उरकायला सांगितलं. जुनं सगळं पुसलं. बघा कसं चकाचक दिसतंय.'

सोबत फोटो आहे. नवा स्क्रीन. सगळे ठिपके हिरवे. कोपऱ्यात शून्य.

मेसेज आत्ताचा नाही. वेळ बघितली. बराच आधी आलाय. मी लिहिण्याच्या नादात होते.

मी इथूनच हाक मारली. "मावशी..."

ती दुपारी गाढ झोपते. एका हाकेत कधीच उठत नाही. तिची सवयच आहे ती.

"मावशी, अगं..."

आत पंख्याचा आवाज येतोय. दार नुसतं लोटलेलं आहे. चार पावलांवर आहे.

मी अजून उठलेले नाही.